अनामिक फॉलिस: आधी वजन, मग वाचन, साफसफाई सगळ्यात शेवटी

बायझंटाइन तांब्याची नाणी जमवू लागलेल्या मंडळींकडून "हे कुणाचं आहे, सांगता का?" म्हणून फोटो येतात, तेव्हा पुष्कळदा नाणं आधीच घासलेलं असतं. लिंबाने नाहीतर पितांबरीने उजळलेला गुलाबी पृष्ठभाग, बोथट झालेल्या अक्षरांच्या कडा, आणि वजन किती असं विचारलं तर उत्तर नाही. अशा नाण्याबद्दल जे सांगता आलं असतं त्यातलं थोडंच मग हाती उरतं. चूक बहुतेक वेळा क्रमात होते: साफसफाई पहिली आणि ओळख नंतर. क्रम बरोबर उलटा हवा.

इथे एकाच कुळातली नाणी घेतली आहेत: अनामिक फॉलिस. बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल), साधारण ९७० पासून १०९२ पर्यंत पाडलेली ही तांब्याची नाणी. राजाचं नाव नाही, राजाचं चित्र नाही. एका बाजूला ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला ग्रीक लेख, क्रूस किंवा कुमारी मेरी. नाव नसल्याने अभ्यासकांनी यांना ए पासून के पर्यंत वर्ग दिले आहेत; ए-२ हा ए चा एक पोटवर्ग. व्यवहारात यांना 'ब्रॉंझ' म्हणतात, धातू मात्र बहुतेक तांबंच. बाजारात सहज मिळतात, सोन्याच्या नाण्यांच्या मानाने स्वस्त असतात, आणि म्हणूनच नवा संग्राहक इथून सुरुवात करतो.

## तयारी: हे हाताशी असल्याशिवाय नाणं उघडू नका

- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही.
- मिलिमीटरमध्ये मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकचा. लोखंडी असेल तर जबडे नाण्यावर आवळू नका.
- सोनार वापरतात ती १० पटीची लूप.
- छोटी टॉर्च. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटपेक्षा बाजूने, जवळजवळ आडवा पडणारा प्रकाश या कामाला लागतो.
- बांबूच्या टूथपिक, मऊ ब्रश, सुती कापड.
- डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत घालण्यासाठी मिळतं ते चालेल. उकळून गार केलेलं नळाचं पाणी चालणार नाही, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत.
- वही. मोबाइलमधली नोंद नव्हे, वही. फोन बदलतो आणि नोंदी हरवतात.

टेबलावर जुना टॉवेल अंथरा. हजार वर्षांचं तांबं वरून धट्टंकट्टं दिसलं तरी आतून ठिसूळ झालेलं असू शकतं, फरशीवर पडलं तर तुकडा उडतो.

## टप्पा १: घेण्याआधी

पहिली खरेदी 'न धुतलेल्या नाण्यांची थैली' या नावाने विकल्या जाणाऱ्या ढिगातून करू नका. त्यातली बरी नाणी आधीच निवडून काढलेली असतात. त्याच पैशात ओळख पटलेलं, अक्षरं वाचता येणारं एक नाणं घ्या. चांगलं नाणं एकदा नीट पाहिलं की पुढची झिजलेली नाणी वाचायला सोपी जातात.

विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: वजन, दोन्ही बाजूंचे सरळ फोटो आणि नाणं पूर्वी कोणत्या संग्रहात किंवा लिलावात होतं याचा कागद. तिसरी गोष्ट अनेकांना नुसती औपचारिकता वाटते. ती तशी नाही. ही नाणी ज्या भूमीतून निघतात त्या तुर्की, ग्रीस, बल्गेरिया, सायप्रस या देशांत जमिनीतून निघालेल्या पुरातन वस्तूंवर कडक कायदे आहेत.

सावध: इस्तंबूलच्या सहलीत बाजारात किंवा एखाद्या भग्नावशेषापाशी कुणी खिशातून नाणं काढून दाखवलं तर हात लावू नका. खोटं असेल तर पैसे जातील, खरं असेल तर विमानतळावर गुन्हा दाखल होईल.

सावध: भारतात १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरातन वस्तूंबाबतच्या केंद्रीय कायद्याखाली येतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशातून मागवलेलं नाणं पसंत पडलं नाही म्हणून टपालाने परत धाडणं किंवा ग्रेडिंगसाठी अमेरिकेला पाठवणं इतकं सरळ राहत नाही. घेण्याआधीच नीट बघून घ्या, आणि आयातीची बिलं, कस्टमची पावती जन्मभर जपून ठेवा.

आणखी एक. दक्षिण भारतात बायझंटाइन नाणी सापडली आहेत, पण ती मुख्यतः पाचव्या-सहाव्या शतकातली, सोन्याची. अकराव्या शतकातला तांब्याचा फॉलिस "आमच्या शेतात निघाला" असं सांगून कुणी विकत असेल तर त्या कथेवर विश्वास ठेवू नका.

## टप्पा २: कोरडी नोंद

नाणं आलं की पाणी, तेल, ब्रश काहीही न लावता आधी चार गोष्टी वहीत लिहा.

1. वजन. तीनदा ठेवून बघा. आकडा दर वेळी बदलत असेल तर काट्याखालचं टेबल सपाट नाही किंवा पंखा चालू आहे.
2. व्यास. सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद जागी, दोन्ही. ही नाणी हातोड्याने पाडलेली, क्वचितच गोल असतात.
3. अक्ष, म्हणजे पुढच्या बाजूच्या मानाने मागची बाजू किती फिरलेली आहे, घड्याळाच्या काट्याच्या भाषेत. ख्रिस्ताची बाजू सरळ समोर धरा. बोटं नाण्याच्या वरच्या आणि खालच्या काठावर ठेवून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवा. मागची बाजू उलटी दिसली तर अक्ष ६ वाजताचा. बायझंटाइन नाण्यांत बहुतेक हाच असतो. वेगळा असेल तर लिहून ठेवा.
4. फोटो. दोन्ही बाजू आणि काठ. प्रकाश एका बाजूने.

अंगठा आणि तर्जनीत नाणं नेहमी काठाने धरा. घामातले क्षार तांब्याला लागतात.

पडताळा: वजन काय सांगतं? वर्ग ए-२ ची नाणी मोठी, १० ग्रॅमच्या आगेमागे, काही १५ ग्रॅमच्याही वर. शतक संपता संपता नाणं आक्रसत गेलं, शेवटच्या वर्गांत ४ ते ७ ग्रॅम नेहमीचं. तुमचं नाणं ५ ग्रॅमचं असेल आणि विक्रेत्याने ए-२ म्हटलं असेल तर वाचनाच्या टप्प्यावर जास्त लक्ष द्या.

## टप्पा ३: खरं की खोटं

अनामिक फॉलिस स्वस्त असल्याने सोन्याच्या नाण्यांइतके खोटे होत नाहीत, पण होतात. जास्त धोका वेगळ्या दोन गोष्टींचा.

एक म्हणजे कोरीवकाम. झिजलेल्या खऱ्या नाण्यावर सुईने डोळे, केस, अक्षरं पुन्हा कोरतात. लूपखाली अक्षराच्या शेजारची जमीन बघा. ठशातून उठलेल्या अक्षराचा उतार मऊ असतो आणि त्याच्यावर काळाने आलेला हिरवा-तपकिरी थर सलग चढलेला असतो. कोरलेल्या अक्षराच्या बाजूला बारीक समांतर ओरखडे दिसतात, आणि थर तिथेच तुटलेला असतो.

दुसरं म्हणजे रंगवलेला थर. मातकट-वाळूसारखा सुंदर लेप अक्षरांच्या फटीत बसवून खालचा हिरवा उठावदार दिसेल असं करतात. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन काठाशी हलकेच टेकवा. ॲसिटोनने खरा थर हलत नाही. रंग बोळ्यावर उतरला तर समजायचं. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ हे करू नका.

ओतीव नकल ओळखायला काठ बघा: फिरत जाणारी शिवण, बुडबुड्यांची बारीक भोकं, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं. काठाला पडलेली चीर मात्र घाबरण्याची नाही. हातोड्याच्या घावाने चकती अशी फाटतेच.

## टप्पा ४: वर्ग ओळखणं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि त्याचं कारण एकच: लोक मागची बाजू आधी वाचतात. तिथे अक्षरं असतात, म्हणून डोळा तिकडे जातो. पण डी, ई आणि एफ या तीन वर्गांच्या मागे तोच तीन ओळींचा लेख आहे. फरक ख्रिस्ताच्या बाजूला आहे. म्हणून ती बाजू आधी.

पहिला प्रश्न: ख्रिस्त कसा दाखवला आहे?

- फक्त छातीपर्यंत: ए, बी, ई, जी, एच, आय, जे, के यांपैकी काहीतरी.
- कमरेच्या खालपर्यंत उभा: सी.
- पाठ असलेल्या सिंहासनावर बसलेला: डी.
- पाठ नसलेल्या आसनावर बसलेला: एफ.

सिंहासनाची पाठ झिजलेल्या नाण्यात दिसत नाही असं वाटतं. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा किंवा ठिपक्यांच्या रांगा आहेत का, हे आडव्या प्रकाशात बघा.

दुसरा प्रश्न: मागे काय आहे?

मोठ्या चार ओळींचा लेख असेल, अर्थ 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा', तर वर्ग ए. क्रूस तीन पायऱ्यांवर उभा आणि लेखाची अक्षरं त्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेली असतील तर बी. रत्नजडित क्रूस आणि चार कोपऱ्यांत दोन-दोन अक्षरं असतील, त्यातली खालची चार मिळून 'नीका' म्हणजे 'विजयी होतो', तर सी. दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस आणि खाली वेलबुट्टी असेल तर एच. टोकांना मोठे गोल ठिपके असलेला लॅटिन क्रूस आय आणि जे या दोघांत येतो. आय मध्ये क्रूसाच्या मधोमध फुलीसारखी खूण असते आणि वरच्या कोपऱ्यांत चंद्रकोरी. जे मध्ये एकच मोठी चंद्रकोर, क्रूसाच्या खाली.

मेरी असेल तर जी किंवा के, आणि ही जोडी हमखास चुकते. जी मध्ये दोन्ही बाजूंच्या कडेला मोठ्या ठिपक्यांचं कडं असतं आणि मेरी छातीपर्यंत. के मध्ये मेरी जास्त खालपर्यंत दाखवलेली आणि नाणं सहसा लहान, वेडंवाकडं.

काळाचा मेळ साधारण असा लावतात: ए-२ बेसिल दुसरा आणि कॉन्स्टंटाइन आठवा यांच्या काळातलं (९७६ ते १०२८), बी रोमानोस तिसरा (१०२८ ते १०३४), सी मायकेल चौथा (१०३४ ते १०४१), डी कॉन्स्टंटाइन नववा (१०४२ ते १०५५), जी रोमानोस चौथा (१०६८ ते १०७१), आय निकेफोरोस तिसरा (१०७८ ते १०८१), जे आणि के अलेक्सिओस पहिला, १०९२च्या चलनसुधारणेआधी. नाण्यावर नाव नसल्याने हा अभ्यासकांनी बसवलेला मेळ आहे. वहीत आधी वर्ग लिहा, राजा नंतर आणि 'बहुधा' या शब्दासह.

वाचताना अडतं कुठे: ख्रिस्ताभोवतीच्या 'इम्मानुएल' या लेखाचं शेवटचं अक्षर रोमन 'ए' सारखं दिसतं. तो ग्रीक लॅम्डा आहे. आणि ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन अक्षरांवर आडवी रेघ असते. ती संक्षेपाची खूण आहे, ठशाचा दोष नाही.

वर्ग ए निघाला तर काम थोडं लांबतं, पण मला याच कामात सगळ्यात जास्त रस आहे. ए-२ चे पन्नासच्या आसपास उपप्रकार मानले जातात आणि ते बारीक खुणांवरून ठरतात. तीन जागा बघा: प्रभावळीतल्या क्रूसाच्या प्रत्येक दांड्यावर किती ठिपके आहेत, ख्रिस्ताच्या हातातल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ठिपक्यांची मांडणी कशी आहे, आणि मागच्या लेखाच्या वर आणि खाली कोणती नक्षी आहे. तिन्ही वाचता आल्या तरच उपप्रकार लिहा. दोनच दिसत असतील तर 'ए-२' एवढंच लिहून थांबा. अंदाजाने लिहिलेला उपप्रकार पुढे कुणीतरी खरा धरून चालतो.

शेवटी सिअर क्रमांक (डेव्हिड सिअर यांच्या बायझंटाइन नाण्यांच्या सूचीतला) जोडा, कारण जगभरचे विक्रेते याच क्रमांकाने नाणं शोधतात: ए-२ ला १८१३, बी ला १८२३, सी ला १८२५, डी ला १८३६.

सावध: "येशूच्या काळातलं नाणं" म्हणून विकलं जातं ते बहुधा हेच. त्यावर येशू आहे, काळ मात्र त्याच्यानंतर हजार वर्षांचा.

सावध: अकराव्या शतकातला प्रत्येक तांब्याचा फॉलिस अनामिक नसतो. मागे दोन उभ्या व्यक्ती मधोमध ध्वजदंड धरून दिसल्या तर ते कॉन्स्टंटाइन दहावा आणि युडोकिया यांचं नाव असलेलं नाणं असू शकतं.

## टप्पा ५: खालचा ठसा शोधा

घाईने घासून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. टाकसाळीने बऱ्याचदा नवी चकती न बनवता जुनंच नाणं घेऊन त्यावर नवा ठसा मारला. खालचं चित्र पुरतं मिटत नाही. बी वर्गाच्या खाली ए सापडतो, सी च्या खाली बी सापडतो, आणि खालचं नाणं जुनं हे उघडच आहे. अथेन्सच्या अगोरातल्या (प्राचीन बाजारचौकातल्या) आणि कॉरिंथच्या उत्खननांत ही नाणी मोठ्या संख्येने निघाली. राजाचं नाव नसलेल्या या वर्गांचा आधी-नंतरचा क्रम अभ्यासकांनी लावला तो बऱ्याच अंशी अशा दुहेरी ठशांच्या आधारे. हा पुरावा केसाएवढ्या उंचवट्यात असतो. ब्रासचा ब्रश चार वेळा फिरवला की तो गेला.

शोधायचं कसं? खोलीतला दिवा बंद करा. टॉर्च टेबलाच्या पातळीला धरा, नाणं सपाट ठेवा आणि नाणं न उचलता हळूहळू पूर्ण फिरवा. मुख्य चित्राकडे बघू नका. रिकाम्या जागा बघा: खांद्याच्या वर, क्रूसाच्या हातांमधली सपाट जमीन, काठाजवळचा पट्टा. तिथे तीन खुणा शोधायच्या. जिथे रेघ असायचं कारण नाही तिथे सरळ रेघ. वेगळ्या मापाचं किंवा उलटं अक्षर. ठिपक्यांच्या कड्याला छेदून जाणारं दुसरं कडं.

सी वर्गाचं एक नाणं हे लिहिताना समोर आहे. वरून बघितलं तर ख्रिस्ताच्या उजव्या कोपराखाली नुसता खडबडीतपणा. प्रकाश आडवा केला आणि नाणं पाव फेरा फिरवलं की तोच खडबडीतपणा एकाखाली एक अशा तीन आखूड रेघा होतो, खालची सगळ्यात लांब: बी वर्गाच्या क्रूसाच्या पायऱ्या. सरळ प्रकाशातल्या फोटोत यातलं काहीच येत नाही.

पडताळा: एकच ठसा दोनदा बसला तरी रेघा दुहेरी दिसतात. त्यात तेच चित्र थोडं सरकून पुन्हा येतं. वेगळं चित्र आलं तरच खालचं नाणं निराळं.

सापडलं तर त्या कोनातून फोटो काढा आणि वहीत 'सी, खाली बी' असं लिहा.

## टप्पा ६: हिरवं कोणतं, ते ठरवा

घरातली तांब्या-पितळेची भांडी कळकतात ती आपण घासून टाकतो, आणि तीच सवय नाण्यावर येते. जुन्या तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा, तपकिरी किंवा काळपट थर म्हणजे पॅटिना. तो नाण्याचं रक्षण करतो, आणि अक्षरांचा बारकावा पुष्कळदा त्या थरातच असतो. थर काढला की खाली अक्षर उरत नाही.

काळजी करायची ती वेगळ्या हिरव्याची: फिकट, पिस्त्याच्या रंगाची, भुकटीसारखी, छोट्या खड्ड्यांत भरलेली. टूथपिक टेकवली की ती सुटते. याला ब्रॉंझ डिसीज म्हणतात. मातीतले क्लोराइड तांब्यात मुरलेले असतात. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. कोरड्या देशातून आलेलं नाणं मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पहिल्या पावसाळ्यात हिरवी भुकटी टाकू लागतं ते यामुळेच.

शंका असेल तर नाणं बंद डबीत, शेजारी ओल्या कापसाचा बोळा ठेवून, दोन दिवस राहू द्या. ताजी भुकटी आली तर रोग चालू आहे.

## टप्पा ७: आता साफसफाई, लागलीच तर

भुकटी नाही आणि अक्षरं वाचता येतात, तर हा टप्पा सोडा. खरंच सोडा.

नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी रोज बदला, मऊ झालेली माती लूपखाली बघत टूथपिकने काढा. एका वेळी एकच अक्षर. लाल किंवा गुलाबी रंग दिसला तर त्याच क्षणी थांबा, तुम्ही थराच्या खाली पोचलात.

रोग असेल तर भुकटी टूथपिकने कोरडीच काढा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडे भिजवा, पाणी बदलत राहा. त्यानंतर ॲसिटोनमध्ये बुडवून पाणी काढून टाका, पूर्ण वाळवा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. बेंझोट्रायझोल नावाचं रसायनही वापरतात. ते अंगाला घातक आहे, हातमोजे आणि मोकळी हवा लागते, आणि शिकाऊ माणसाने ते घरात वापरू नये.

काय करू नये:

- लिंबू, चिंच, व्हिनेगर. आम्ल थर खातं आणि गेलेला थर परत येत नाही.
- पितांबरी, टूथपेस्ट, राखुंडी.
- ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने भिजवणं. जुना सल्ला आहे, पण तेलातलं आम्लही तांब्यावर काम करतं.
- बॅटरीची तार जोडून केलेली विजेची सफाई.
- वाटीसारखं वाकलेलं बायझंटाइन नाणं चेपून सरळ करणं. १०९२ नंतरची ट्रॅकी नाणी मुद्दामच तशी पाडली आहेत. सरळ करायला गेलात तर मोडेल.

## टप्पा ८: पाकीट, चिठ्ठी, कपाट

साठवणीत दोन शत्रू आहेत, पीव्हीसी आणि ओलावा. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यांतून काही वर्षांनी चिकट हिरवा द्रव सुटतो. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. प्रत्येक पाकिटात चिठ्ठी: वर्ग, सिअर क्रमांक, वजन, व्यास, अक्ष, खालचा ठसा, कुठून आणि कधी घेतलं. विक्रेत्याची मूळ चिठ्ठी फेकू नका, तीही सोबत ठेवा.

पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह. छोटा आर्द्रतामापक डब्यातच ठेवा आणि आकडा ४० टक्क्यांच्या खाली राखा. किनारपट्टीवर पावसाळ्यात बाहेरची हवा ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, म्हणून जेल मे महिन्यातच तापवून पुन्हा कोरडं करा. जून ते सप्टेंबर डबा महिन्यातून एकदा, पाऊस थांबलेला असताना उघडा आणि प्रत्येक नाणं लूपखाली बघा. एखाद्यावर फिकट भुकटी दिसली तर ते लगेच वेगळ्या डबीत काढा, तारीख लिहा आणि टप्पा ६ पासून पुन्हा सुरू करा.